आत्या स्वतःला तपासते

स्वतःच्याच सवयींची इतकी कसून उलटतपासणी घेणारी बाई साऱ्या जगात एकच असेल, आणि ती माझी धाकटी आत्या आहे. हे मी अभिमानाने सांगते. निफाडकडची, नाशिकला वाढलेली ही आत्या सहा वर्षांपासून आयर्लंडमध्ये वृद्धांची देखभाल करते. रोज कामावर जाताना बसमधून ती मला एक व्हॉइस मेसेज पाठवते आणि त्यात तिची कुठली तरी सवय आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते. "हे मी येशूसाठी करते का नुसतं सवयीनं?" हा ठरलेला प्रश्न. सकाळच्या प्रार्थनेआधी चहा घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. तिकडे गेल्यावर तिला शोध लागला की चहाच्या ओढीनं आपण प्रार्थना भराभर उरकतो. तिनं चहाच सोडला. पंधरा दिवसांनी मेसेज आला, "चहा सोडल्याचा मला लय गर्व झालाय गं. आज दोन कप प्यायले." तिकडच्या लोकांसारखं उठता-बसता सॉरी म्हणायची सवय लागली, तेव्हाही ती बेचैन. "दिवसातून पन्नास वेळा सॉरी म्हणते, पण पश्चात्ताप एकदा बी नाय!"

गावच्या चर्चमध्ये आम्ही चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतो. आत्यानं पहिल्याच रविवारी आयर्लंडमधल्या चर्चच्या दारात बूट काढले. हिचा पाय दुखावला असं समजून एका आजोबांनी धावत खुर्ची आणली. पुढच्या रविवारी ती बूट घालून आत गेली. "सगळी प्रार्थना बुटांचीच झाली," म्हणाली. तेव्हापासून ती लोकरीच्या मोज्यांवर आत जाते आणि मागच्या बाकावर बसते.

मागच्या बाकाचं कारण मात्र मोजे नव्हते. पुढे बसलं तर इंग्रजीत प्रार्थना करायला लावतील, ही भीती होती. यंदा तिथल्या पाळकांनी खरोखरच तिला सुगीच्या उपकारस्तुतीची, म्हणजे पिकांसाठी देवाचे आभार मानायची, प्रार्थना करायला सांगितलं. नाही म्हणायची तिला लाज वाटली. "तू कॉलेजची. मला लिहून दे," म्हणाली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. खरं तर मलाच इंग्रजीची धास्ती आहे. तरी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले आणि पानभर लिहिलं. तिनं ते पाठ केलं.

त्या रविवारी ती पुढे गेली, दोन ओळी म्हणाली आणि थांबली. हे शब्द माझ्या भाचीचे आहेत, असं तिनं सरळ सांगून टाकलं, आणि उरलेली प्रार्थना मराठीत केली. मंडळी आमेन म्हणाली.

"तुझी मेहनत वाया घालवली गं," ती फोनवर म्हणाली.

"घाबरलीस का?"

"नाय. इतकं चांगलं मी देवाशी कधी बोलतच नाय. त्याला वाटलं असतं, ही कोण बया?"

मला आधी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग कुणीतरी केलेलं त्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग तिनं पाठवलं. त्यात ती द्राक्षांसाठी, पावसासाठी आभार मानते आणि मग घरच्यांची नावं घेते. ऐकता ऐकता लक्षात आलं, आम्ही जेवायला ज्या क्रमानं बसतो त्याच क्रमानं ती आम्हाला देवापुढे बसवत होती. आजोबा, पप्पा. मग ती क्षणभर थांबते, आणि त्यानंतर माझं नाव येतं. पप्पांच्या आणि माझ्या मधे आत्या बसायची.