चौदाव्या दगडाची खाच

खाणीवर सगळे त्याला खुंटीमामा म्हणत, कारण तीस वर्षं तो मोजणीच्या खुंट्या ठोकत आला होता. खाणीसाठी त्याच्याच गावची विहीर तोडली, तेव्हा काठाचे बावीस दगड त्याने जपून उचलून ठेवले. खड्डा भरला की ते मूळ जागी बसवायचे, असं कागदोपत्री ठरलं होतं. दोर घासून दगडांना बोटभर खोल, तुळतुळीत खाचा पडल्या होत्या. चौदाव्यावरून त्याची आजी पाणी ओढायची. क्रमांक त्याने छिन्नीने दगडांच्या बुडाला कोरले होते; दर्शनी बाजू खराब करायला त्याचा हात धजला नव्हता.

आता खड्डा भरला होता. दगड बसवले तेव्हा मामा महिनाभर आजारी होता. आज अकराला तपासणी होती आणि 'दगड तेच, जागा तीच' या कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही हवी होती.

"सही करा आणि गुमान घरी या," बायको डबा भरताना म्हणाली. "निवृत्तीला दोन महिने राहिलेत."

"न बघताच?"

"मला तरी कुठे नीट बघून पसंत केलं होतंत?"

तो हसला. त्या दिवसातलं हसू तेवढंच.

भरावावर रोपं हिरवीगार डोलत होती. त्याने एक सहज ओढलं, ते दोन बोटांत वर आलं. मूळच नाही! कुठल्याशा झाडाच्या फांद्या तोडून मातीत खोचल्या होत्या. पलीकडे विहिरीचा काठ दिमाखात उभा होता. दगडांवर पांढऱ्या रंगात एक ते बावीस आकडे होते. त्याने एका खाचेतून बोट फिरवलं. कड बोचली. खाच मशीनने पाडलेली होती.

तोंडावर पाणी मारायला तो कचेरीमागच्या मोरीकडे गेला आणि पायरीशी थबकला. पायरीला खाच होती. साबणाचा बुळबुळीत थर, केसांचा गुंता आणि कुणाची तरी पिवळी थुंकी तिच्यात साचली होती. त्याने गुडघे टेकले, पायरीखालच्या पोकळीत हात घातला आणि बोटांनी आकडा चाचपला. चौदा. सकाळचा चहा तिथेच बाहेर आला.

अकराला मोठ्या साहेबांनी पेन पुढे केलं. "मामा, इथे."

मामा तपासणीला आलेल्या बाईंकडे वळला. "बाई, आधी एक दगड उलटा करायला सांगा."

"आजारातून उठलेत हो, थोडं भ्रमिष्टासारखं होतं," साहेब हसत म्हणाले.

"माझे आकडे बुडाला कोरलेत. तुमच्या फायलीतल्या जुन्या नकाशावर तसं लिहिलंय."

बाईंनी फाईल चाळली, मग मजुरांना खूण केली. पहारीने दगड उलटला. बूड कोरं करकरीत.

"मग खरे कुठे आहेत?"

"एक दाखवतो. नाकाला रुमाल लावा."

"मामा, दोन महिने राहिलेत तुमचे!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"साहेब, त्यावर रोज थुंकता तुम्ही."

मोरी पाहून झाल्यावर त्याने साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं: 'चौदावा मोरीच्या पायरीत सापडला. एकवीस सापडले नाहीत.' आणि खाली सही केली.

"केलीत सही?" दारातच बायकोने विचारलं.

"केली."

"शी! कसला वास येतोय हाताला? धुवून या आधी."

"तीनदा धुतले गं," तो म्हणाला आणि चौथ्यांदा धुवायला गेला.