यष्टीमागच्या पोराचा निकाल

कुवेतमध्ये क्रिकेटची मुलं कशी निवडतात असं कुणी विचारलं, तर मी हल्ली सरळ सांगते, आधी बापाला विचारतात. लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. त्या प्रकरणाला आता सीझन उलटून गेला तरी माझं डोकं अजून तापतं.

मी इथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर कोल्हापूरकडचं. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या मुलींच्या टीममध्ये विकेटकीपर होते, आता माझे गुडघे बघून कुणाला ते पटणार नाही. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या टीमचे कोच खांदा दाखवायला माझ्याकडे यायचे. लाहोरकडचे, उतारवयाचे, बोलायला गोड. हात वर घ्या, खाली घ्या करताना मी कीपिंग केल्याचं बोलून गेले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला निवड समितीत ओढलं.

ही टीम पगारी आहे. खेळाडू कंपनीच्या व्हिसावर येतात. कागदावर कुणी स्टोअरकीपर, कुणी टाइमकीपर, प्रत्यक्षात सगळे क्रिकेटर. तयार खेळाडू बाहेरून आणायचा म्हणजे खर्च, म्हणून कंपनीने इथल्याच मुलांची अकादमी काढली. सोळा वर्षांखालची पोरं त्यात घ्यायची, त्यातली निवडक दुसऱ्या टीममध्ये चढवायची आणि तिथे टिकतील ती मोठ्या टीममध्ये. आमचे मॅनेजरसाहेब तिला कौतुकाने 'नर्सरी' म्हणतात. रोज रोप उपटून मुळं किती वाढली ते बघायचं, असली ती नर्सरी.

मैदान शुऐबाच्या अलीकडे. मैदान म्हणजे रोलर फिरवून दाबलेली वाळू, मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो आणि नवीन आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. शुक्रवारी सकाळी आईबाप गाड्यांच्या काचा वर करून आत एसीत बसतात, पोरं बाहेर उन्हात.

मॅनेजरसाहेबांची परीक्षा घेण्याची रीत मला पहिल्याच दिवशी कळली. हातात वेग मोजायचं यंत्र. चेंडू किती जोरात टाकला, किती जोरात फेकला, किती लांब गेला. पोरगा उंच असला की खूश. खांदे रुंद असले की आणखी खूश. पंधराव्या वर्षी ज्याला मिशा फुटल्या तो यांच्या लेखी भावी कप्तान. मी म्हटलं, साहेब, मिशा सगळ्यांनाच फुटतात, थोडं थांबा. ते हसले आणि यंत्राकडे बघत राहिले.

आता कीपर यंत्राने कसा मोजणार? चांगल्या कीपरचं काम दिसतच नाही, दिसते ती त्याची चूक. कीपर बघायचा तर चेंडू त्याच्याकडे येत नसतो तेव्हा बघावा. बॅट्समनने चेंडू मारला तरी तो पूर्ण वेळ खाली होता का? चेंडूच्या आधी उठला की चेंडूबरोबर उठला? कॅच सुटल्यावर पुढच्या चेंडूला त्याचा चेहरा कसा आहे? मॅटवर चेंडू उसळतो, वाळूवर पडला की मरतो, त्यामुळे इथे कीपरला प्रत्येक चेंडूला नवा हिशेब करावा लागतो. हे मी समितीत तावातावाने सांगितलं. कोचनी मान डोलावली. मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला.

त्या मुलांत एक कीपर होता. आमच्याच इस्पितळातल्या सिस्टरचा मुलगा, राहायला एगैलात. त्याची आई मला ताई म्हणते, दोघींची ड्युटी एकाच मजल्यावर, पण मुलगा अकादमीत आहे हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीच एकदा त्याला तिच्या गाडीतून उतरताना पाहिलं. शिडशिडीत, बुटका, चष्मेवाला. आईशी मराठीत सुरू करायचा आणि इंग्रजीत संपवायचा.

निवडीच्या सामन्यात मोठ्या टीममधला एक पगारी बॅट्समन पोरांच्या बोलिंगवर खेळत होता. पोरांना चोपून काढायचं आणि हसायचं, असा त्याचा कार्यक्रम चालला होता. एका स्पिनरचा चेंडू लेगच्या बाहेर गेला. बॅट्समनच्या अंगाआड चेंडू दिसतच नसतो, भल्याभल्यांची तिथे फजिती होते. हा पोरगा आधीच दोन पावलं सरकलेला होता. चेंडू घेतला आणि त्याच हाताने बेल्स उडवल्या. बॅट्समनचा पाय वर होता, तो टेकायच्या आत. ओरडला नाही, उड्या मारल्या नाहीत. बेल्स उचलून पुन्हा ठेवायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. बायकांच्या आणि पुरुषांच्या मिळून इतक्या मॅचेस बघितल्यात मी, असे पाय क्वचित दिसतात. कोच माझ्याशेजारी उभे होते, त्यांच्या तोंडून हळूच "वाह" गेलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुसऱ्या टीममध्ये जाणं म्हणजे काय, तर रोजचा सराव, खरी मॅच, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मनात असेल तर कंपनीचा व्हिसा. इथली आपली पोरं बारावी झाली की बॅगा भरून देशात कॉलेजला जातात, बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कायम राहता येत नाही. खेळासाठी इथे थांबायची वाट हवी असेल तर ती एवढीच. त्या पोराला ती हवी होती. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि विचारलं की निकाल कधी लागणार. नंतर पुन्हा आला आणि तेच विचारलं.

निकाल अकादमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. त्यात तो नव्हता. त्याच्या जागी एक धिप्पाड मुलगा होता, ज्याने दोन सोपे चेंडू पायांतून सोडले होते पण एक सिक्सर पार रस्त्यावर मारली होती. मी ड्युटी संपल्या संपल्या मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात गेले. मला वाटलं, हे यंत्राचंच काम. मी बरंच बोलले. मोठ्याने बोलले. बाहेरचा क्लार्क दार लोटून गेला इतक्या मोठ्याने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, फोन तो घर से ही आया था."

बापाने फोन केला होता. मुलाला घेऊ नका म्हणून. आणि नुसतं घेऊ नका एवढंच सांगून तो थांबला नव्हता. मुलाला सांगा की तू कमी पडलास, म्हणजे त्याच्या डोक्यातून जाईल. कोचनी पोराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बेटा, तुम्हारे पाँव स्लो हैं. ज्या तोंडाने वाह म्हटलं त्याच तोंडाने. मी कोचना फोन लावला, तर म्हणाले, बाप का हक़ होता है. त्यानंतर त्यांचा खांदा मी दुसऱ्या फिजिओकडे सोपवला.

शनिवारी मी एगैलात त्यांच्या घरी गेले, न कळवता. सिस्टरने दार उघडलं आणि माझं तोंड बघूनच ओळखलं. तिने आधी पाणी दिलं, मग चुरमुऱ्यांचा सुशीला करायला गेली, कारण मराठवाड्याच्या घरात पाहुणा उपाशी भांडू शकत नाही. मुलगा सबाह अल-सालेमला क्लासला गेला होता. शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. वडील हॉलमध्ये बसले होते. लातूरचे, एका कंपनीत अकाउंटंट. माणूस वाईट नाही, हे लिहितानाही माझा राग कमी होत नाही.

त्यांनी काहीच लपवलं नाही. आपलं गणित त्यांना बरोबरच वाटत होतं. दुसऱ्या टीममध्ये गेला की रोजचा सराव, मग अभ्यास बुडणार, मग अठराव्या वर्षी तो कंपनीचा व्हिसा. व्हिसावर लिहिणार काय, स्टोअरकीपर. गुडघा गेला की दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील. लातूरला लोक पोटाला चिमटा घेऊन लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर करायलेत आणि इथे येऊन मी माझ्या लेकराला स्टोअरकीपर करू का, असं त्यांचं म्हणणं. यातलं एक वाक्यसुद्धा खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप येत होता.

मी म्हटलं, मग तसं त्याला सांगा. बाप आहात, नाही म्हणा. रडेल, रुसेल, दार आपटेल. तो चांगला खेळत नाही असं का सांगायला लावलंत?

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

"ताई, मी नाही म्हणलो असतो तर जन्मभर मला बोल लावला असता त्यानं. आता कुणालाच बोल नाही."

"कुणालाच कसा नाही?" मी म्हटलं. "तुम्हाला बोल लागू नये म्हणून त्या पोराने स्वतःलाच बोल लावत बसायचं?"

ते म्हणाले, लहान आहे, विसरंल. सिस्टर सुशीलाच्या डिश घेऊन आली आणि डोळे खाली ठेवून म्हणाली की ताई, त्याला एवढं सांगू नका, दहा दिवसांत युनिट टेस्ट आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सुशीला मात्र खाल्ला, कारण सिस्टरचा काय दोष. नंतर वाटलं, दोष तिचाही होता.

रस्त्याने येताना मी स्वतःशीच भांडत होते. निवड म्हणजे काय असते? कुणीतरी जाणत्याने तुमच्याकडे नीट बघायचं आणि जे दिसलं ते सांगायचं. मग ते कडू का असेना. मला माझ्या सरांनी एकदा सांगितलं होतं की तुझी बॅटिंग चालणार नाही, कीपिंगवर जग. वाईट वाटलं, पण त्यावर मी उभी राहू शकले, कारण ते खरं होतं. या पोराला कोचनी आणि मी बघितलं, दोघांनाही एकच दिसलं, आणि त्याच्या हातात दिलं ते उलटं. उद्या परीक्षेत शंभरातले शंभर मार्क मिळवलेल्या मुलाला नापास म्हणून सांगितलं असतं तर याच बापाने शाळा डोक्यावर घेतली असती. खेळात चालतं, कारण खेळाचे मार्क कुठे कुणाला लागतात.

युनिट टेस्ट होईपर्यंत मी गप्प बसले, तेवढं मी त्या बाईसाठी केलं. मग एके दिवशी संध्याकाळी तो इस्पितळाच्या खालच्या कॅन्टीनमध्ये दिसला. आईची ड्युटी संपायची होती, वडील पार्किंगमध्ये गाडीत. त्याच्यासमोर पुस्तक उघडं होतं. मी दोन ज्यूस घेतले आणि त्याच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. तू त्या दिवशी सगळ्यांत चांगला होतास. कोच सरांनाही तसंच वाटलं होतं. घरून फोन गेला म्हणून तुला घेतलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो सिस्टर्स वळून बघत होत्या.

तो चिडला नाही. स्ट्रॉ फिरवत राहिला. मग अगदी सभ्यपणे, मी चुकून भलत्याच रुग्णाचा रिपोर्ट वाचून दाखवावा आणि त्याने ते लक्षात आणून द्यावं तसं म्हणाला, "आंटी, बाबा माझ्याशी खोटं नाही बोलत. नेव्हर."

मी म्हटलं, तो लेगच्या बाहेरचा चेंडू आठव. पगारी बॅट्समन होता तो. दोन पावलं आधी कोण गेलं होतं तिथे?

"ते लक होतं," तो म्हणाला. "माझे पाय स्लोच आहेत. आता मला पण फील होतं."

मी तशीच उठले आणि पार्किंगमध्ये गेले. वडिलांनी काच खाली केली. मी म्हटलं, मी त्याला खरं सांगितलंय आणि ते त्याला खरं वाटत नाही. तुमचंच खरं वाटतं त्याला. आता तुम्हीच सांगा, आत्ता सांगा, पाहिजे तर खेळू देऊ नका पण सांगा.

ते स्टिअरिंगकडे बघत होते. म्हणाले, "बारावी होऊ द्या ताई. मग मीच सांगतो."

तेवढ्यात आई आणि मुलगा आले. आई माझ्याकडे न बघता पुढे बसली. मुलाने मागचं दार उघडलं. वडिलांनी आरशातून त्याला विचारलं की काय म्हणत होत्या आंटी.

"काही नाही," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या."

बापाने मान हलवली आणि गाडी सुरू केली.