मामा दुकान वाढवतात

इंटरनेटवरचं दुकान रोज संध्याकाळी नेमाने बंद करणारा माणूस अखिल पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीच्या जगात अशी दुकानं कोणी उघडत नाही आणि बंदही करत नाही, ती आपली अहोरात्र चालू असतात. मामांना हे मंजूर नाही. सीवूड्सच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी अंघोळ, पूजा आणि पोहे आटोपले की ते इस्त्रीचा शर्ट घालतात, पायांत चपला सरकवतात, हॉलमधून आतल्या खोलीत म्हणजे 'दुकानात' जातात, चपला दाराशी काढतात, लॅपटॉपला उदबत्ती ओवाळतात आणि मग आपल्या वेबसाइटवर एकेक आकाशकंदील 'मांडतात'. दिवेलागणीला हेच सगळं उलट्या क्रमाने होतं. मधल्या वेळात तुम्ही अमेरिकेतून आलात तरी माल दिसेल. दिवेलागणीनंतर शेजारच्या बिल्डिंगमधून आलात तरी कोऱ्या पानावर एकच ओळ दिसेल : 'दुकान वाढवले आहे. उद्या यावे.'

हा 'वाढवले' शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं. मामा 'बंद' म्हणत नाहीत आणि 'संपलं' तर त्यांच्या देखत कोणी म्हणायचं नाही. त्यांच्या तोंडी बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं मीठ संपत नाही, वाढतं. दुकान बंद होत नाही, वाढवतात. अशुभ बोलू नये म्हणून जुन्या घरांतून बोलायची ही रीत होती, हे आमच्या पिढीला ऐकून माहीत. मामांच्या घरात मात्र तो कायदा आहे. एकदा मामींनी फोनवर सांगितलं, "तेल संपलंय, येताना घेऊन या." मामा तेल घेऊन आले आणि पिशवी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मामींनी "बरं बाई, तेल वाढलंय" म्हटलं तेव्हा आत आले. समोरच्या फ्लॅटमधल्या मंडळींना वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय.

मामा बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी बांबूच्या कामट्या घेऊन बसले. लहानपणी शिकलेली ती एक कला त्यांच्या हातात तशीच शाबूत होती. पण मामांनी तिच्यात स्वतःची भर घातली. त्यांचा कंदील कोथिंबिरीच्या जुडीएवढ्या पुडक्यात मावतो आणि दोरी ओढली की छत्रीसारखा उघडतो. प्रत्येक नमुना आधी त्यांच्या गॅलरीत टांगला जातो. गॅलरी खाडीच्या तोंडावर आहे, आणि तिथला खारा वारा ज्या कंदिलाने सोसला त्याला मामा पास करतात. उरलेले नापास कंदील नातेवाइकांना भेट मिळतात. आमच्याकडे दर दिवाळीला असा एक नापास कंदील लागतो आणि मामा पाडव्याला येऊन तो अजून टिकलाय कसा, याचं आश्चर्य करतात.

ही कला विकायची कशी, हा प्रश्न त्यांच्या सुनेने सोडवला. ऋतुजा महाप्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तिने मामांना आधी एका मोठ्या ऑनलाइन बाजारात उभं केलं. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं जिथे मिळतं अशा त्या बाजारात मामांचा कंदील बऱ्यापैकी खपू लागला, पण मामा खूश नव्हते. त्यांची तक्रार अशी की तिथे गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. "अगं, कोणाच्या घरी माझा कंदील लागला तेच मला कळत नाही. हे काय, डोक्यावरून पदर घेऊन आल्यासारखं? येतात, घेतात, जातात." म्हणून ऋतुजाने त्यांना स्वतःची वेबसाइट काढून दिली. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात दोन ठिकाणं असतात, एक 'बाजार' आणि एक 'घरचं दुकान'. बाजारात दहा कंदील खपले तर मामा मान हलवतात. घरच्या दुकानात एक खपला तर मामी शिरा करतात.

घरच्या दुकानात एकाने कंदील मागवला रे मागवला की मामा त्याला फोन लावतात. "नमस्कार, कंदीलवाला बोलतोय. तुमची गॅलरी कुठल्या अंगाला आहे? आणि वारा कुठून येतो?" ह्यावर झिरमिळ्या किती लांब ठेवायच्या ते ठरतं. पण हल्ली अनोळखी माणसाने फोनवर आपुलकीने चौकशी केली की लोकांच्या पोटात गोळा येतो. डोंबिवलीच्या एक बाई ठामपणे म्हणाल्या, "मी ओटीपी देणार नाही." मामा शांतपणे म्हणाले, "तुमचा ओटीपी तुमच्यापाशी ठेवा बाई, मला फक्त वारा सांगा." त्या बाईंशी मग त्यांचं इतकं जुळलं की पुढे त्यांच्या मुलाचं लग्न कुठे अडलंय तेसुद्धा मामांना कळलं. सांगलीचे एक आजोबा तर वाऱ्यावर अर्धा तास बोलले. त्यांचा वारा नदीकडून येई आणि दिवे लागायच्या वेळी थबकून राही. मामा फोन ठेवून म्हणाले, "ह्याला म्हणतात गिऱ्हाईक."

ह्याउलट बाजार. तिथे एका गिऱ्हाइकाने पाडवा उलटल्यावर कंदील परत पाठवला. कारण दिलं होतं, 'आता गरज नाही.' आत बल्ब तसाच होता. आम्ही सगळे त्या माणसाच्या धाडसावर पोट धरून हसलो, पण मामांचा जीव टांगणीला लागला, कारण परक्याचा बल्ब आपल्या घरात राहिला. त्यांनी बाजाराला लिहिलं, 'सदर गृहस्थांचा बल्ब आमच्याकडे आहे, कृपया पत्ता कळवावा.' बाजाराचं उत्तर आलं, 'पैसे परत केले आहेत, धन्यवाद.' मामांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी तो बल्ब शोकेसमध्ये, मामांच्या निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी ठेवण्यात आला. त्याला कोणी हात लावायचा नाही, तो दुसऱ्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी मामांनी वर्षभर कंदील केले. आदल्या दिवाळीत बाजारात माल कमी पडला होता, म्हणून ह्या वेळी कंबर कसली. माळे भरले, पलंगाखालची जागा भरली, मामींच्या कपाटातले शालूसुद्धा हलले. हॉलमध्ये आडवं चालावं लागे. आणि दिवाळी दोनतीन आठवड्यांवर आली असताना बाजारातून मामांचे सगळे कंदील एकाएकी गायब झाले. बाजाराने त्यांना काढून टाकलं होतं.

ऋतुजाने खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. बाजारात दुकान वाढवायची सोय नव्हती, याची मामांना फार टोचणी होती. रात्रभर उघडं राहायला ते काय इस्पितळ आहे, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांना आपली आपणच युक्ती सापडली. मालाच्या आकड्याच्या जागी शून्य घातलं की माल दिसेनासा होतो. त्या दिवसापासून ते रोज दिवेलागणीला बाजारात शून्य घालत आणि सकाळी उदबत्तीनंतर पुन्हा आकडा भरत. घरात कोणाला पत्ता नव्हता.

"बाबा, त्यांच्या मशीनला वाटलं तुमचा माल रोज संध्याकाळी संपतो," ऋतुजा म्हणाली. "असा विक्रेता भरवशाचा नाही म्हणून त्यांनी..."

"संपतो म्हणू नकोस," मामा म्हणाले.

ऋतुजाने बाजाराला परोपरीने विनवून पाहिलं. प्रत्येक वेळी 'आपले म्हणणे आम्हाला समजले आहे' असं गोड उत्तर येई आणि काहीही होत नसे. घरच्या दुकानात अधूनमधून एखादा कंदील जाई, पण त्याने हॉल मोकळा होणार नव्हता. दिवाळी झाली की कंदिलाला कोणी विचारत नाही, आणि कागद पुढच्या वर्षापर्यंत त्या खाऱ्या हवेत टिकत नाही. मी त्या रविवारी गेलो तर मामा आतल्या खोलीत कामट्यांच्या मोळ्या बांधत होते. मला वाटलं, नवीन काम. ते म्हणाले, "जावईबापू, जन्मभर दुसऱ्यांच्या फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर केल्या. हे एवढं एकच काम माझं होतं. आता वाढवतो." ह्या माणसाची मी वर्षानुवर्षं चेष्टा करत आलो होतो, आणि आज 'दुकाना'च्या दाराशी त्याच्या चपलाच नाहीत, हे मला पाहवेना.

संध्याकाळी त्यांनी घरच्या दुकानाच्या पहिल्या पानावर मजकूर घातला आणि तोच आजवर फोन केलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवला : 'सर्व गिऱ्हाइकांस कळविण्यात येते की, आजपासून आम्ही आमचे कंदिलांचे दुकान कायमचे वाढवीत आहोत. आजवर लोभ केलात, तो असाच असू द्यावा.' मामींनी डोळ्यांना पदर लावला. ऋतुजा खिडकीतून बाहेर बघत राहिली. आम्ही सगळे त्याच घरात मुरलेले, त्यामुळे त्या मजकुराला दुसराही काही अर्थ असू शकतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला फोन डोंबिवलीच्या बाईंचा आला. "काका, अभिनंदन. किती आनंद झाला सांगू." मामांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. पाठोपाठ दुसरा, "काका, मस्त बातमी, आता आमच्या सोसायटीचे पण कंदील तुम्हीच करा." तिसरा, "कायमचं वाढवलंत ते बरं केलंत." मामा पांढरेफटक पडले. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "माणसं इतकी दुष्ट असतील असं वाटलं नव्हतं हो. मी दुकान वाढवतोय आणि हे पेढे मागतायत." तेव्हा कुठे ऋतुजाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती जमिनीवर, कंदिलांच्या पुडक्यांत बसून हसत सुटली. "अहो बाबा, त्यांना वाटतंय दुकान मोठं केलंत. वाढवलं म्हणजे मोठं केलं. आम्ही असंच म्हणतो." मामांना हे समजावून घ्यायला वेळ लागला. समजल्यावर त्यांचं पहिलं वाक्य असं, "म्हणजे मराठी शाळांची अवस्था इतकी वाईट आहे?"

पण तोवर मजकूर ह्या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये निघाला होता. वारा विचारणारे काका दुकान वाढवतायत, म्हणून ज्याने त्याने तो पुढे धाडला. ज्यांना मामांनी अर्धा अर्धा तास छळलं होतं, त्या प्रत्येकाने आपल्या बहिणीला, नणंदेला, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. सकाळी मामांनी घरच्या दुकानात कंदील पुन्हा मांडले आणि अशी झुंबड उडाली की फोन करता करता मामांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना, तरी त्यांनी एकही फोन चुकवला नाही. मी खळ लावत होतो, मामी पुडकी बांधत होत्या, ऋतुजाने रजा टाकली. हिरवे कंदील गेले तेव्हा मामांनी सवयीने लिहिलं, 'हिरवे कंदील वाढले.' झालं, लोकांनी हिरव्यांवर उड्या टाकल्या. मामांनी पुन्हा रात्रंदिवस हिरवा ताव कापला, पण शब्द बदलला नाही. पार्सल न्यायला येणारा माणूस खाडीकाठच्या गावातला. तो रोज दारात उभा राहून मान खाजवायचा. "मामा, अख्खी गाडी तुमचीच हाय आज. दुसऱ्या कोनाला जागाच नाय." जाता जाता त्यानेही आपल्या घरासाठी एक बाजूला काढून ठेवायला सांगितला.

हॉल मोकळा झाला. माळे मोकळे झाले. मामींचे शालू कपाटात परतले. शेवटच्या गिऱ्हाइकाला द्यायला माल उरला नव्हता तेव्हा मामांनी आपल्या गॅलरीतला, वाऱ्यात पास झालेला कंदील उतरवला आणि धाडून दिला. मामी म्हणाल्या, "कंदीलवाल्याच्या दारात कंदील नाही, लोक काय म्हणतील?" मामा शोकेसपाशी गेले, परक्याचा तो बल्ब उचलला आणि गॅलरीत नुसताच लावला. त्या दिवाळीत सबंध बिल्डिंगमध्ये उघडा बल्ब एकाच घरी होता, आणि त्याच्याखाली मामा छाती काढून उभे होते. पुढे बाजारानेही त्यांना परत घेतलं. मामा आता दोन्हीकडे विकतात, मात्र बाजारात शून्य घालायचं त्यांनी सोडलंय. तिथे रात्रभर ऋतुजाचं राज्य असतं.

त्या गर्दीत एक फोन वेगळा आला होता. सांगलीच्या आजोबांचा. त्यांनी अभिनंदन केलं नाही. हळूच विचारलं, "का हो, का वाढवलंत? घरी सगळं ठीक ना?" इतक्या फोनांत मामांचं मराठी कळलेला हा एकटा माणूस. त्यांनी सगळी हकिकत सांगितली. आजोबा खूप हसले आणि म्हणाले, "मग आता आपल्या अर्थाने वाढवू नका. पोरांच्या अर्थाने वाढवा."

गेल्या वर्षी दिवाळीआधी मी मामांकडे बसलो होतो. घरच्या दुकानात सांगलीहून एक कंदील मागवलेला दिसला आणि मामांनी खुशीत फोन लावला. पलीकडे आजोबांची सून होती. मामांनी वारा विचारला. ती म्हणाली, "उन्हाळ्यात मामंजी गेले. पण कंदील तुमचाच लावायचा असं सांगून गेलेत. वारा तोच आहे काका, नदीकडून." मामा "बरं" म्हणाले आणि झिरमिळ्या हातात घेऊन कितीतरी वेळ कापत राहिले. बाहेर दिवे लागले. आता ते उठतील आणि एकेक कंदील उतरवतील म्हणून मी वाट पाहिली. मामांनी लॅपटॉपकडे हात नेला, मग काढून घेतला. "आज असू दे उघडं," ते म्हणाले, आणि चपला घालून गॅलरीत गेले. आत सगळे कंदील मांडलेले होते.