भोरड्यांचा मुक्काम

तळ्याकाठचा फिरायचा रस्ता झाडायचं काम मी करते. रस्त्याला लागून बाभळीचं दाट बन आहे. शिमगा झाला की दिवस मावळताना तिथं भोरड्या पाखरांचे थवे उतरतात. अंग गुलाबी, डोकं काळं. परत आपल्या मुलखाला जाण्याआधी त्या इथं जमतात. दिवसा पळस-पांगाऱ्यावर चरतात आणि रात्री बाभळीवर झोपतात.

त्यांच्या विष्ठेनं खालची बाकडी पांढरी होतात. फिरायला येणाऱ्यांनी तक्रार केली तसा मुकादम माझ्याकडं आला.

"आक्का, तू म्हणं लहानपणी गोफण लई भारी मारायचीस. काढ की भाईर. दोन दिवसांत बन मोकळं हुतंय."

मी खाली बघत म्हणाले, "बाकडी मी रोज धुते."

"धुवून किती धुशील? सांगितलेलं कर."

"मी न्हाय मारणार."

माझ्या तोंडून असं निघेल हे त्याला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

चौथी झाली आणि वडिलांनी मला पाचवीला घातलं नाही. शेतातलं शाळूचं पीक राखायला माणूस हवं होतं आणि भावांची शाळा चुकवायची नव्हती. मचाणावरून मी याच भोरड्यांना दगड मारले, शिव्या दिल्या. माझी शाळा त्यांनीच बुडवली असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. पाखरं आपली दाणे खायला यायची. मला मचाणावर घरच्यांनी चढवलं होतं.

परवा संध्याकाळी मुकादम फटाक्यांची माळ घेऊनच आला. "सर बाजूला," म्हणाला. मी बाभळीखाली झाडत राहिले.

"ऐकू येत न्हाय व्हय? पेटवू का?"

"पेटवा की. मी हितंच हाय."

"तुझ्या माहेरची पाखरं हैत काय गं?"

फिरायला आलेले दोघं हसले. माझे कान तापले, पण हात थांबला नाही. तेवढीच जागा मी पुन्हा पुन्हा झाडली. थवा आला, बनावरून दोनदा वळला आणि माझ्या डोक्यावर कलकलाट करत बसला. मुकादमानं काडेपेटी खिशात टाकली.

"उद्यापास्नं कामावर येऊ नकोस."

काल मी नेहमीच्या वेळेला गेले. त्यानं हजेरी मांडली नाही. मी बादली भरून बाकडी धुतली आणि बनात झाडायला लागले. भोरड्या अजून आहेत. त्या आपल्या मनानं उठून जाईपर्यंत मी रोज जाणार, हजेरी लागो न लागो.