तीन ठिपक्यांचा कार्बोरेटर

चेनसॉ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं, मला माहितीये. रक्त, किंचाळ्या, कुणाचं तरी बोट उडालं. सॉरी हां. इथे इज्जत सोडून काही कापलं जात नाही.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, अयोध्या नगर वस्तीत, आमच्या घरी एक चेनसॉ आहे, वयाने माझ्यापेक्षा मोठी. बाबांनी ती कारखान्याच्या भंगार लिलावातून आणली. वादळात गल्लीत झाड पडलं की लोक आधी आमची बेल वाजवतात. तिच्यावरचे नंबर केव्हाच पुसले गेलेत, म्हणून बाबांनी आतल्या प्रत्येक पार्टवर पंच ठोकून तीन ठिपके पाडलेत. कारखान्यात स्वतःच्या पान्यांवरही ते तेच करायचे. मशीन खोलताना पेपर पसरायचा आणि पार्ट ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडायचे, हा त्यांचा कायदा. मला डोळे मिटायला लावून हातात पार्ट द्यायचे, "सांग, काय आहे?" मी सांगायचो, वर त्याचा आवाजही काढायचो. नकला हेच माझं डिपार्टमेंट.

कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये, त्या खडखडाटात, आयुष्य घालवून बाबांचे कान गेले. कानाचं यंत्र आणलंय, ते डब्यात झोपलंय.

मागच्या महिन्यात सॉ बंद पडायला लागली. बाबांच्या हाताला प्लास्टर, म्हणून शहराच्या करोंद भागातल्या एका मेकॅनिककडे दिली. चार दिवसांनी परत आली, मी दोरी ओढली आणि माझं टाळकंच सरकलं. आधी ती कशी, पोट भरलेल्या म्हशीसारखी डुग-डुग-डुग करत बसायची. आता टिर्र, टिर्र, आणि मधेच श्वास अडकायचा.

"बाबा, आतलं काहीतरी बदललंय!" मी ओरडलो.

"तुझ्या नकला पुरे. सज्जन माणूस आहे तो. माझ्याशी किती मोठ्याने, नीट बोलतो."

जोकरचं कोण ऐकतं? बाबा दुपारी झोपले तसा मी पाना घेतला. रागाच्या भरात पेपरबिपर काही नाही, नट काढले की थेट आईच्या वाटीत. सिलिंडरवर तीन ठिपके. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोवर तीन ठिपके. आणि इंजिनाला पेट्रोल-हवा पाजणारा कार्बोरेटर? चकचकीत, कोरा. ठिपका नाही एकसुद्धा! जुन्या ओरिजनल मालाला गिऱ्हाईक असतं, ठीक आहे. पण ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याच मशीनचा गळा बदलायचा? हरामखोर साला.

तो कोरा कार्बोरेटर खिशात घालून मी करोंदला पोचलो. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"ओरिजनल ही तो लगा है, भैया," मेकॅनिक म्हणाला. "घर से बड़ों को भेजो, बच्चों से क्या बात करें."

बस. मी काउंटरवर चढलो नाही एवढंच. तिथेच नक्कल सुरू केली. आधी तो, बाबांच्या कानात बोंबलणारा, "अंकलजीऽऽ, एकदम ओरिजनल, माँ कसम!" मग मान वळवून हळूच, "बुड्ढे को क्या सुनाई देगा." मग बाबा, कानामागे हात, "आं? आं?" मग आधीची सॉ, मग आताची सॉ. लोक पोट धरून हसले. एक जण मेकॅनिकला म्हणाला, "उस्ताद, मेरा पंप भी तुम्हारे पास है!"

मेकॅनिक लालबुंद. ड्रॉवर उघडून त्याने जुना कार्बोरेटर काउंटरवर आपटला. "ले जा, नौटंकी!" तीन ठिपके होते.

घरी बाबांनी त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ. मी फुशारकीत, ओरडून, अख्खा सीन पुन्हा करून दाखवला, दुकानातले लोक कसे हसले तेही. "आं? आं?"सकट. आईने हसता हसता मला कोपर मारलं. बाबांना सगळं ऐकू गेलं नसेल, पण कानामागचा हात दिसला.

"हा मी?" बाबा म्हणाले. "अरे, त्याने पार्ट चोरला. तू काय केलंस? बाप बहिरा आहे हे भर दुकानात वाजवून आलास! लोक कुणाला हसले, त्याला की मला? तोंड आहे की भोंगा? आणि हे सगळे नट एका वाटीत? कुठला कुठे लागतो, हे आता त्यालाच विचारायला जाऊ का, गाढवा?"