माझे पेढे, त्याचं नाव

पेढे मी आणले होते. कसब्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून, सकाळी ऑफिसला जाताना. आपलं काही चांगलं झालं की आपणच पेढे वाटायचे, ही आमच्या ऑफिसातली रीत. आदल्या संध्याकाळी आमच्या टीमचा लीड फोनवर म्हणाला होता की, तिकडे फिक्स, म्हणजे दुरुस्ती, मंजूर झाला.

तिकडे म्हणजे ज्या प्रॉक्सीतली चूक मी शोधली होती, तो चालवणाऱ्या लोकांकडे. प्रॉक्सी म्हणजे वेबसाइटच्या दारातला वॉचमन. बाहेरची मागणी आत सर्व्हरला सांगायची, आतलं उत्तर बाहेर आणून द्यायचं. हा ओपन सोर्स, म्हणजे फुकटचा आणि सगळ्यांचा. जगभरातले लोक हौसेने दुरुस्त करायचे. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर मात्र तो मधूनच अर्धं पान द्यायचा आणि गप्प बसायचा. लोक सपोर्टला फोन करून बोंबलायचे, आणि सपोर्टला बसलेली मी. सगळे शहाणे म्हणत, नेटवर्क खराब आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी हट्टाला पेटले. सर्व्हर मोठं उत्तर तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सांगतो. कधीतरी तो लांबीचा आकडाच तुटून दोन खेपांत यायचा, आणि आमचा वॉचमन अर्ध्या आकड्यालाच पूर्ण समजायचा. ‘एकशे वीस’मधलं ‘एकशे’ ऐकून फोन ठेवणारी माणसं असतात ना, त्यातलीच गत. आकड्याची ओळ संपेपर्यंत थांब बाबा, एवढंच त्याला शिकवायचं होतं. काम कोडच्या मोजक्या ओळींचं. पण त्या कुठे घालायच्या हे कळेपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला.

मला सपोर्टमधून सुटायचं होतं. डेव्हलपमेंटला घ्या म्हणून दर वर्षी अर्ज करायचे, आणि मॅनेजर दर वर्षी गोड हसून विचारायचे, मॅडम, तुम्ही कोड लिहिता हे दिसतं कुठे? आता दिसणार होतं. जगात कुणीही उघडून पाहावं, तिथे माझं नाव असणार होतं.

कंपनीबाहेर कोड पाठवायची परवानगी फक्त लीडला. म्हणून वर माझं नाव घालून मी तो त्याच्या हाती दिला. तो काही परका नव्हता. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो, तो खडकीहून सायकलवर यायचा तेव्हापासूनची ओळख. त्याचे वडील आजारी पडले तेव्हा त्याच्या पाळ्या मी केल्या. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा?

तर मी पेढ्यांचा खोका घेऊन मीटिंगमध्ये गेले. मॅनेजरनी एक पेढा उचलला, लीडच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “अरे वा, काम पण केलंस आणि पेढे पण मागवलेस?”

आधी मला वाटलं, त्यांचा घोटाळा झालाय. मी लीडकडे पाहिलं. तो पेढा खात होता. मग मॅनेजरनी भिंतीवरच्या पडद्यावर ते पान दाखवलं. कोड माझा, तो समजावणारी टीप माझी, खाली नाव त्याचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोका माझ्या हातात होता, म्हणून मी वाटत राहिले.

जिन्यात त्याला गाठलं. अगं, तिकडे पाठवणाऱ्याचंच नाव लागतं, म्हणाला. खोटं. लिहिणाऱ्याचं आणि पाठवणाऱ्याचं, दोन्ही लागतात, मी आधीच पाहिलं होतं. मग म्हणाला, टीमचंच काम आहे ना. मग म्हणाला, या वर्षी माझं प्रमोशन आहे, पुढच्या वेळी तुझं टाकू. रिक्षाचं भाडं आळीपाळीने द्यावं, तशा सुरात. केसाने गळा कापला मेल्याने, आणि वर मलाच समजावत होता. घरी वारज्याला जाईपर्यंत मी बसमध्ये रडले. कोण बघतंय याची लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात तोच खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसला. तिकडच्या मुख्य माणसाने त्याच पानावर, सगळ्यांसमोर विचारलं होतं, ओळ कधी संपलीच नाही तर? कुठवर थांबायचं याची तुम्ही मर्यादा घातली आहे, ती इथेच का? पटणारं उत्तर नाही आलं तर बदल काढून टाकू. ह्याला काय ढेकळं कळणार! उत्तर लिहून दे, मी टाकतो, म्हणाला.

नाही म्हणाले असते, तर त्याची चांगली जिरली असती. पण काढला जाणार होता तो माझा बदल. त्यात माझा जीव होता. आणि कोड पाठवायला बंदी होती, बोलायला नव्हती. मी माझ्या नावाचं खातं उघडलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, सविस्तर उत्तर लिहिलं. हे केलं मी, असं स्वतःच्या तोंडाने कशाला म्हणायचं? वाचणाऱ्याला कळेलच की हा हात कुणाचा. काय माझा भाबडेपणा!

उत्तर पटलं. बदल राहिला. त्या माणसाने माझं नाव घेऊन आभार मानले आणि लिहिलं, तुमच्या सहकाऱ्याचं काम तुम्ही फार छान समजून घेतलं आहे.

लीडने ते माझ्याआधी वाचलं. हाक मारून मला त्याच्या स्क्रीनपाशी बोलावलं, माझ्या नावावर बोट ठेवलं. मनापासून खूश होता.

“बघ,” म्हणाला, “आलं की तुझंही नाव.”