डोमा ड्रायव्हर आणि बाजूने जाणारा वारा

मी ज्या गाडीचा कंडक्टर होतो, तिची तिकिटं मी कमी फाडली आणि तिला पाणी जास्त पाजलं. गाडी गडचिरोलीहून आरमोरीला जायची. युद्धानंतर मोडीत निघालेली लष्करी लॉरी. मालक गुणवंतरावांनी तिच्यावर लाकडी सांगाडा चढवला, आत बाक ठोकले आणि तिला बस म्हणायला सुरुवात केली. वाटेत जंगलात एक चढ होता. चढ कसला, म्हातारी माणसं गप्पा मारत चढून जायची. आमची गाडी मात्र मध्यावर आली की झाकणातून वाफ सोडायची आणि उभी राहायची. मग मी डबा घेऊन खालच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, पाण्याला जायचो. उन्हाळ्यात बोडीचं पाणीही दूर सरकायचं.

गाडी चालवायचा डोमा. जातीचा ढिवर. बाप लहानपणीच गेला, तेव्हा माय देवकाबाईनं मासळीच्या टोपलीवर त्याला वाढवला. बांबूच्या ठेकेदाराकडे ट्रक शिकला आणि गावातला पहिला ड्रायव्हर झाला. बोलणं बेताचं. एकदा वाघ आडवा आला तर "बसून राहा" एवढंच म्हणाला. हे मला म्हणाला की वाघाला, ते अजून कळलेलं नाही.

आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी देवकाबाई, तिच्या शेजारची गिरजा आणि आणखी दोघी-तिघी मासळी घेऊन गाडीत चढायच्या. आत वास नको म्हणून त्यांच्या टोपल्या गाडीच्या तोंडावर, जाळीला बांधायच्या. ही पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही. पुढून वारा लागे, मागून रेडिएटरची ऊब. आरमोरी येईपर्यंत तळचे मासे अर्धे शिजलेले असत आणि काही गिऱ्हाइकं तेच मागून घेत.

एका बाजाराला गुणवंतराव स्वतः गाडीत होते, सोबत सोयरे. गाडी चढावर उकळली. मालक खाली उतरले, समोर टोपल्या दिसल्या.

"असं तोंड दाबून ठेवाल त गाडी उकळन नाई त काय करन? आजपासून एक टोपली दिसाले नाई पाह्यजे."

"मालक, बाकीच्या दिवशी टोपल्या नसतात, तरी उकळते," डोमा म्हणाला.

"मंग न थांबता चढवून दाखव. तवा टोपल्याइचं बोल."

पुढच्या बाजाराला बायका पहाटेच पायी निघाल्या. आमच्या गाडीनं त्यांना वाटेत गाठलं. देवकाबाई सगळ्यांत मागे होती, डोक्यावर टोपली. डोमानं गाडी हळू केली. तिनं मान वळवली नाही. ती बाजारात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं, मासे मऊ पडले होते, आणि उरलेले तिनं नाल्यात टाकले. मला मालकाचा राग आला, डोमाचाही आला. गाडीचा तर रोजच यायचा. आणि गाडी त्या दिवशीही उकळली होती, टोपल्यांशिवाय. मालक म्हणाले, तिला सवय लागली आहे.

पावसाळा लागला. एका सुट्टीला डोमा मायच्या मदतीला बांधीवर गेला. मासळीच्या आशेनं मीही गेलो. धानाच्या एका बांधीतलं पाणी दुसरीत उतरतं, तिथं बांध कापून ढिवर लोक बांबूचा सापळा लावतात. पाणी आरपार जातं, मासे आत राहतात. डोमानं सापळा लावला. पाणी खळखळ वाहिलं, सापळा रिकामा.

देवकाबाई काठावरून ओरडली, "बाजूनं एवढी वाट ठेवली, त पानी सापळ्यातून काऊन जाईन रे? गाडी शिकला अन् बाजूनं माती लावाचं इसरला! काई कामाचा नाई राह्यला तू!"

डोमा गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिला. मग सापळा सोडून चालू लागला, थेट गाडीकडे. माय मागून आणखी बरंच बोलत होती.

त्यानं बॉनेट उघडून मला दाखवलं. मूळचा रेडिएटर कधीच फुटलेला. मालकांनी मोडीतल्या जीपचा बसवला होता, तो लहान. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट. जाळीतून आलेला वारा बाजूनं निघून जात होता आणि रेडिएटर मधे वाऱ्यावाचून बसला होता.

डोमा शेवटी ढिवराचा पोरगा. त्यानं फटींत माती लावली, धानाचं तणस कालवून, बांधाला लावतात तशी. दुसऱ्या दिवशी गाडी एका दमात चढली. उतारावर माती वाळून पंख्यात पडली आणि पुढच्या बाकांवरच्या लोकांच्या अंगावर ढेकळं आली. मी सांगितलं, नवीन गाड्यांत असंच असतं.

मग त्यानं रॉकेलचा डबा कापून दोन पत्रे काढले, कडेला टायरच्या पट्ट्या लावून फटी बंद केल्या. मालकांना गाडीत बसवून चढ चढवला. वर पोचल्यावर ते मागे वळून बघत म्हणाले, "रस्तेवाल्याइनं चढ कमी केला काय?"

"नाई. टोपल्या आणू?"

"तोंडावर नाई बांधाच्या. मागं बांधा."

पुढच्या बाजाराला टोपल्या मागच्या शिडीला बांधल्या, वर ओली पळसाची पानं. देवकाबाई डोमाच्या मागच्या बाकावर बसली. चढ लागला. इंजिनाचा आवाज बदलला, वाफ काही आली नाही.

"माय, तुनं सांगतलं तसंच केलं," डोमा न वळता म्हणाला.

"मी काई सांगतलं नाई. मी त शिव्या देल्या."

"त्याच."

आता देवकाबाई रडणार असं मला वाटलं. एवढ्यात तिनं एकदम पुढच्या दांड्यावर हात आपटला. "थांबव!"

पुढे चढावर गिरजा चालली होती, डोक्यावर टोपली. टोपल्या पुन्हा घेतात यावर तिचा विश्वास बसला नव्हता.

डोमानं गाडी उभी केली. चढाच्या बरोबर मध्यावर, रोज उभी राहायची तिथंच. सवयीनं मी डबा घेऊन खाली उतरलो. मग डबा रस्त्यात ठेवला आणि गिरजाच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली.